बाव्हार्वा साच्यातून अखंड उतरवायचा तर: कस्टर्ड, जिलेटिन आणि क्रीम यांचा क्रम

बाव्हार्वा, म्हणजेच बव्हेरियन क्रीम, घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. साचा उलटा केला आणि सगळं ताटलीत पसरलं. किंवा उभा राहिला, पण माथ्यावर चिवट पिवळा थर निघाला. किंवा चव छान होती, पण जिभेला गुठळ्या लागल्या. तिन्ही वेळा दोष पाककृतीला दिला जातो आणि पुढच्या खेपेला जिलेटिन वाढवलं जातं. खरं तर बहुतेक वेळा चूक एकाच क्षणी झालेली असते: जिलेटिन घातलेलं कस्टर्ड आणि फेटलेली क्रीम चुकीच्या तापमानाला एकत्र केलेली असते. जिन्नस ग्रॅममध्ये मोजणारेही कस्टर्ड किती गार झालंय हे मोजत नाहीत. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या एका टप्प्याला दिली आहे.

पदार्थाची रचना साधी आहे. अंड्याच्या बलकाचं पातळ कस्टर्ड, त्यात विरघळवलेलं जिलेटिन, आणि ते आळायला लागता लागता त्यात मिसळलेली हलकी फेटलेली क्रीम. मग साचा, फ्रिज आणि थांबणं.

## साहित्य

१ लिटरच्या साच्यासाठी, ६ ते ८ जणांना पुरेल इतकं:

- म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध ३०० मिली
- अंड्यांचे बलक ४
- साखर ९० ग्रॅम
- व्हॅनिलाची १ शेंग, नाहीतर १ छोटा चमचा चांगला अर्क
- जिलेटिन पावडर १० ग्रॅम आणि ती भिजवायला गार पाणी ६० मिली
- किमान ३५ टक्के स्निग्धांश असलेली क्रीम ३०० मिली
- चिमूटभर मीठ

क्रीम. पहिली अडचण इथेच येते. आपल्याकडे किराणा दुकानात छोट्या खोक्यात मिळणारी फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाची असते. ती भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये उत्तम, पण फेटली तर हवा धरून ठेवत नाही. खोक्यावरचा आकडा वाचा आणि ३५ टक्क्यांच्या आसपासची व्हिपिंग क्रीम घ्या. घरी साठवलेली सायही चालत नाही. ती तापलेल्या दुधावरची असते, तिच्यातली स्निग्धता आधीच गोळा झालेली असते, आणि फेटायला गेलात तर लोणी येतं. केकवाल्यांकडे मिळणारी वनस्पती तेलाची क्रीम फुगते भरपूर, साच्यात उभीही राहते. पण ती बहुधा आधीच गोड असते आणि तोंडात मागे तेलकट लेप ठेवते. नाइलाजाने तीच वापरायची असेल तर कस्टर्डमधली साखर ६० ग्रॅमवर आणा. माझं मत विचाराल तर चांगली क्रीम मिळेपर्यंत बेत पुढे ढकला. या पदार्थात क्रीमची चव झाकायला दुसरं काहीच नसतं.

जिलेटिन. सगळी जिलेटिन सारख्या ताकदीची नसतात. ही ताकद ‘ब्लूम’ नावाच्या आकड्यात मोजतात, पण छोट्या पुड्यांवर तो बरेचदा छापलेला नसतो. नवी पुडी आणली की आधी परीक्षा घ्या: २ ग्रॅम पावडर थोड्या गार पाण्यात भिजवून, एकूण १५० मिली होईल इतक्या गरम पाण्यात विरघळवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वाटी तिरकी केल्यावर ते हलकं थरथरलं पण ओघळलं नाही, तर वरचं प्रमाण बरोबर आहे. ओघळलं तर १२ ग्रॅम घ्या. पानांच्या रूपातलं जिलेटिन वापरत असाल तर ५ ते ६ पानं लागतील. वेगवेगळ्या ताकदीच्या पानांचं वजन मुद्दाम कमी-जास्त ठेवलेलं असतं, त्यामुळे पानं मोजावीत, वजन करू नये.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून बनतं. जेवायला येणाऱ्यांना ते आधी सांगा. काहीजण अंडं खातात पण हे खात नाहीत.

चायना ग्रास का नाही? हा प्रश्न हमखास येतो. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांनाच आळून बसतो. त्या तापमानाला क्रीम घातली तर ती वितळते, आणि कस्टर्ड आणखी गार होऊ दिलं तर ते क्रीम घालायच्या आधीच घट्ट होतं. जिलेटिन मात्र २० अंशांच्या आसपास हळूहळू दाटतं आणि तोंडातल्या उबेने विरघळतं. बाव्हार्वाचा सगळा गुण त्या विरघळण्यात आहे. शाकाहारी पदार्थ हवा असेल तर चायना ग्रासचा वेगळा पदार्थ करा. जिलेटिन काढून तिथे चायना ग्रास घालू नका.

जुन्या पाककृतींवरून करणाऱ्यांसाठी. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच प्रमाणं जशीच्या तशी उचलू नयेत. प्रसिद्ध फ्रेंच आचारी आंतोनॅ कारेम (मृत्यू १८३३) यांच्या काळात असे पदार्थ आळवायला आयसिंग्लास वापरत, म्हणजे स्टर्जनसारख्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी सुकवून केलेला पदार्थ. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या पिशवीला इतका भाव येतो, ती याच जातीची वस्तू. तिची आळवण्याची ताकद आजच्या पावडरीशी जुळत नाही, म्हणून तिचे आकडे इथे उपयोगाचे नाहीत. शिवाय तेव्हा फ्रिज नव्हता. तांब्याचा, आतून कल्हई केलेला साचा कुटलेल्या बर्फात पुरून ठेवत आणि वाढायच्या वेळीच बाहेर काढत. त्या पाककृतींतून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे साच्याचा आकार. मधोमध नळी असलेल्या साच्यात गारवा आतूनही पोचतो, पदार्थ लवकर आणि सारखा आळतो, आणि उलटवल्यावर कमी खचतो. आज बाजारात मिळणारं मधे नळी असलेलं केकचं भांडं त्यासाठी चांगलं.

## टप्पा १: मांडणी

कस्टर्ड दाटायला लागलं की हातात मोजकी मिनिटंच उरतात. त्या वेळी साचा शोधत बसलात तर पदार्थ भांड्यातच आळेल. म्हणून गॅस पेटवण्याआधी हे सगळं ओट्यावर हवं:

१. धातूचा साचा, आतून गार पाण्याने विसळून, न पुसता फ्रिजमध्ये. नक्षी खोल असेल तर बिनवासाच्या तेलाचं बोट फिरवून साचा कागदावर उपडा ठेवा, म्हणजे जादा तेल निथळेल. काच आणि चिनी मातीपेक्षा धातू बरा, कारण उतरवताना त्याला ऊब पटकन लागते.

२. एका परातीत बर्फ आणि पाणी. नुसता बर्फ नको. पाणी असल्याशिवाय भांड्याच्या बुडाला गारवा सगळीकडून लागत नाही.

३. त्या परातीत बसेल असं स्टीलचं भांडं आणि त्यावर बारीक जाळीची गाळणी.

४. क्रीम फेटायचं भांडं आणि बीटरची पाती फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये.

५. लांब दांड्याचा मऊ स्पॅच्युला आणि थर्मामीटर. थर्मामीटर नसेल तरी चालेल, खुणा पुढे दिल्या आहेत. पण दोनदा-तीनदा हा पदार्थ करणार असाल तर तो घ्याच.

## टप्पा २: जिलेटिन भिजवणं

६० मिली गार पाणी वाटीत आधी घ्या आणि त्यावर पावडर सगळीकडे सारखी भुरभुरवा. उलट करू नका. पावडरीवर पाणी ओतलं की वरचे कण फुगून खालच्यांना झाकतात आणि मधे कोरडी गाठ राहते. ती गाठ पुढे कितीही ढवळलं तरी सुटत नाही. १० मिनिटं हात लावू नका.

पानं असतील तर भरपूर बर्फाच्या पाण्यात बुडवा. मे महिन्यात नळाचं पाणी इतकं कोमट असतं की पानं त्यातच थोडी विरघळतात आणि जिलेटिन पाण्याबरोबर मोरीत जातं.

तपासा: वाटीतलं जिलेटिन सगळीकडून सारखं फुगलेलं, दाणेदार पण ओलं दिसलं पाहिजे. कुठेही पांढरी कोरडी पावडर नको.

## टप्पा ३: कस्टर्ड

१. व्हॅनिलाची शेंग उभी चिरून आतल्या बिया खरवडा. बिया आणि साल दुधात घालून दूध वाफ येईपर्यंत तापवा, झाकण ठेवून १५ मिनिटं मुरू द्या. अर्क वापरत असाल तर तो आत्ता नको, कस्टर्ड गार झाल्यावर घाला.

२. बलक आणि साखर मिठासकट एकत्र करून लगेच फेटा. साखर बलकांवर तशीच पडू दिली तर ती त्यांतलं पाणी ओढून घेते आणि बारीक पिवळ्या कडक गुठळ्या होतात.

३. दूध पुन्हा गरम करा. एक डाव दूध बलकांत घालत फेटा, मग आणखी एक, मग उरलेलं. आता सगळं जाड बुडाच्या पातेल्यात परत ओता.

४. मंद आचेवर स्पॅच्युलाने बुड आणि कडा खरवडत ढवळत राहा. ८२ अंशांना गॅस बंद. पातेल्यात उष्णता साठलेली असते, तापमान अजून एक-दोन अंश चढतं. ८५ च्या पुढे गेलं की बलक फुटायला लागतो.

थर्मामीटर नसेल तर वरच्या फेसाकडे लक्ष ठेवा. सुरुवातीचे बुडबुडे विरतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो, तेव्हा वेळ जवळ आली. लाकडी चमचा बुडवून काढा, मागच्या बाजूवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली, वरचं कस्टर्ड ओघळून तिच्यात उतरलं नाही, की झालं.

सावधान: उकळी येऊ देऊ नका, ‘जरा दाट होऊ दे’ म्हणूनही नाही. हे कस्टर्ड पावडरीचं नाही. त्यात आधाराला कॉर्नफ्लोअर नाही, उकळलं की अंडं शिजून वेगळं होतं. ते गरम असताना पातळच दिसतं, त्याला उभं राहण्याची ताकद जिलेटिन देणार आहे.

जरासं दाणेदार झालंच तर ताबडतोब गार भांड्यात ओतून मिक्सरमधून काही सेकंद फिरवा आणि गाळा. अंड्याचा उकडलेला वास येत असेल तर मात्र टाकून द्या. तो वास क्रीमने जात नाही.

५. गॅसवरून उतरवलेल्या कस्टर्डमध्ये लगेच भिजलेलं जिलेटिन घाला आणि मिनिटभर ढवळा. पानं असतील तर आधी घट्ट पिळा. जिलेटिन घातल्यावर पातेलं पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. उकळल्याने त्याची ताकद कमी होते.

६. गाळणीतून स्टीलच्या भांड्यात गाळून घ्या.

तपासा: दोन बोटांत थेंबभर कस्टर्ड चोळून बघा. कण लागले तर जिलेटिन पूर्ण विरघळलेलं नाही. भांडं गरम पाण्यावर धरून ढवळा.

## टप्पा ४: क्रीम फेटणं

कस्टर्ड थोडं निवू द्या आणि तेवढ्यात क्रीम फेटा. ती आधी तयार असली पाहिजे, कारण नंतर वेळ मिळत नाही. फ्रिजमधली थंड क्रीम थंड भांड्यात, मध्यम वेगाने. पाती उचलल्यावर टोक उभं राहून हळूच वाकलं पाहिजे. ताठ राहिलं तर पुढे गेलात. ताठ क्रीम कस्टर्डमध्ये सहज मिसळत नाही, ती मिसळायला जास्त ढवळावं लागतं, ढवळताना हवा जाते आणि क्रीम दाणेदार होते. केकवरच्या क्रीमची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास पुढे जातो. जरा लवकर थांबलात तरी चालेल, उशीर नको. भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

## टप्पा ५: कस्टर्ड गार करणं, सगळ्यात महत्त्वाचं

कस्टर्डचं भांडं बर्फाच्या परातीत ठेवा आणि हात न थांबवता ढवळा. फेटायचं नाही. स्पॅच्युला बुडावरून आणि कडेवरून सतत फिरला पाहिजे. भांड्याची भिंत बर्फाला लागून असते, तिथलं कस्टर्ड मधल्यापेक्षा कितीतरी आधी आळतं. हात थांबला की कडेला थर धरतो, आणि तो थर नंतर आत ढकलला की त्याच्याच गुठळ्या होतात. जिभेला लागणाऱ्या बहुतेक गुठळ्या इथल्या असतात. ‘जिलेटिन नीट विरघळलं नव्हतं’ असा निष्कर्ष काढण्याआधी कस्टर्ड गार करताना फोन घेतला होता का ते आठवा.

भांडं फ्रिजमध्ये ठेवून मोकळं होण्याचा मोह टाळा, कारणही हेच. ओट्यावर नुसतं ठेवूनही भागत नाही. युरोपातल्या पाककृतीत ‘खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ लिहिलेलं असतं ते तिथल्या १८-२० अंशांच्या खोलीसाठी. आपल्या ३२ अंशांच्या स्वयंपाकघरात ते रात्रभर ठेवलं तरी योग्य जागी येणार नाही, खराब मात्र होईल.

हवं ते तापमान २० ते २२ अंश. तिथवरचा प्रवास असा दिसतो:

- ४० अंशांच्या वर: पाण्यासारखं पातळ. इथे क्रीम घातली तर ती वितळून जाईल.
- ३० च्या आसपास: अजून पातळच, पण बोटाला गार-गरम काहीच वाटत नाही. बहुतेक जण इथेच ‘गार झालं’ समजून क्रीम घालतात. मग फ्रिजमध्ये हलकी क्रीम वर तरंगते, जड कस्टर्ड साच्याच्या तळाशी बसून आळतं. साचा उलटला की तळ माथ्यावर येतो आणि तो पिवळा चिवट थर दिसतो.
- २५ च्या खाली: ढवळताना किंचित वजन जाणवतं.
- २० ते २२: आटलेल्या बासुंदीइतकं दाट. स्पॅच्युला ओढल्यावर मागे रेघ उमटते आणि दोन-तीन सेकंदांत भरून येते. बोटाला स्पष्ट गार लागतं. आत्ता भांडं बर्फातून बाहेर काढा.
- १८ च्या खाली: कडेला थरथरणारे तुकडे, मधे ढवळायला जड. पुढे गेलात.

२५ पासून २० पर्यंतचे हे पाच अंश फार पटकन जातात. सुरुवातीची दहा मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग एकदम दाटतं. म्हणून वजन जाणवलं की बर्फातून काढून, ढवळून, पुन्हा बर्फात ठेवून असं करत शेवटचे अंश उतरवा.

पुढे गेलं तर: घाबरू नका, आणि तशाच गुठळ्यांत क्रीम मिसळू नका. भांडं कोमट पाण्यात धरा, ढवळत पूर्ण गुळगुळीत पातळ होऊ द्या, आणि बर्फावर पुन्हा सुरू करा. जिलेटिनला असं दोन-तीनदा केलेलं चालतं. क्रीम मिसळल्यावर मात्र ही सोय नाही. म्हणून शंका असेल तर क्रीम घालण्याआधीच मागे फिरा.

## टप्पा ६: एकत्र करणं

१. फ्रिजमधली क्रीम काढा. तिला पाणी सुटलं असेल तर दोन-तीन फटके द्या.

२. क्रीमचा तिसरा हिस्सा कस्टर्डमध्ये घाला आणि व्हिस्कने मोकळेपणी मिसळा. हा हिस्सा कस्टर्ड हलकं करण्यासाठी आहे, त्यातली हवा गेली तरी चालेल.

३. उरलेली क्रीम दोन वेळा करून घाला. स्पॅच्युला मधोमध खाली, बुडावरून कडेपर्यंत, वर आणून उलटा. भांडं दुसऱ्या हाताने फिरवत राहा. पांढऱ्या रेषा दिसेनाशा झाल्या की थांबा.

तपासा: मिश्रण एकरंगी, दाट, पण सहज ओतता येईल असं हवं. धाग्यासारखे लवचिक तंतू दिसले तर कस्टर्ड जास्त गार झालं होतं. पातळ धारेने वाहू लागलं तर ते गरम होतं. अशा वेळी भांडं बर्फावर धरून हलक्या हाताने फिरवत राहा. थोडी हवा जाईल, पण थर वेगळे होणार नाहीत.

## टप्पा ७: साच्यात आणि फ्रिजमध्ये

साचा काढा, आतलं साठलेलं पाणी झटका, मिश्रण मधोमध ओता. ओट्यावर दुमडलेलं फडकं ठेवून त्यावर साचा दोन-तीनदा आपटा, म्हणजे नक्षीत अडकलेली हवा निघेल. वर फिल्म चिकटवून लावा. क्रीम वास ओढते आणि आपल्या फ्रिजमध्ये लसणाची चटणी, चिरलेला कांदा, कधी सुकटही असते.

किमान ६ तास, शक्यतो रात्रभर. फ्रीझरमध्ये ठेवून घाई करू नका. आत बर्फाचे कण होतात आणि वितळल्यावर पाणी सुटतं. दुसऱ्या टोकाला, तीन-चार दिवस ठेवूही नका. जिलेटिनचा घट्टपणा पहिला दिवसभर वाढत राहतो आणि नंतर चावायला लागतं. आदल्या संध्याकाळी करून दुसऱ्या दुपारी वाढणं सगळ्यात चांगलं.

## टप्पा ८: उतरवणं

१. ताटली फ्रिजमध्ये गार करा आणि पाण्याचा हात फिरवून ओली ठेवा. उतरलेला बाव्हार्वा मधोमध नसेल तर ओल्या ताटलीवर त्याला अलगद सरकवता येतं, कोरड्या ताटलीवर तो चिकटून बसतो.

२. बोटाच्या टोकाने कडेचा काठ सगळीकडून हळूच आत ओढा, म्हणजे हवा शिरायला जागा होईल. सुरी नको, नक्षी कापली जाते.

३. साचा काठापर्यंत गरम पाण्यात धरा. हात सहज ठेवता येईल इतकंच गरम, ४५ अंशांच्या आसपास. पातळ धातूला ५ सेकंद, जाडाला १०. बाहेर काढून पुसा.

४. ताटली वर पालथी ठेवा, दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटा, आणि खाली एकदा जोरात हिसडा द्या. सुटल्याचा आवाज येतो. साचा सरळ वर उचला.

सुटला नाही तर साचा पुन्हा सरळ करून आणखी ३ सेकंद पाण्यात धरा. एकदाच जास्त वेळ बुडवण्यापेक्षा दोनदा थोडा थोडा वेळ बुडवलेलं बरं. उतरल्यावर बाहेरचा भाग ओलसर चमकत असेल तर ताटलीसकट १५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तो पुन्हा बसतो.

## फळं आणि इतर चवी

कॉफी किंवा चॉकलेट सोपं. दोन मोठे चमचे इन्स्टंट कॉफी, किंवा ८० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे, गरम कस्टर्डमध्ये गाळण्याआधी. चॉकलेट स्वतःही घट्ट होतं, म्हणून जिलेटिन ८ ग्रॅमवर आणा.

फळांमध्ये खरा धोका आहे. कच्चा अननस, पपई, किवी, अंजीर आणि आलं यांच्यात प्रथिनं तोडणारी द्रव्यं असतात. जिलेटिन हे प्रथिनच, त्यामुळे पदार्थ कितीही तास ठेवला तरी आळत नाही. या फळांचा गर आधी चांगला उकळून गार करून घ्या, उकळल्याने ती द्रव्यं निकामी होतात. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. आंब्याचा रस घालायचा तर मीही तो एकदा गरम करून, गाळून, गार करून घेते. रस १५० मिली घेतलात तर दूध तेवढंच कमी करा आणि रस कस्टर्ड निवल्यावर घाला. आंबट फळाचा रस गरम दुधात घातला तर दूध फाटेल.

शार्लोत र्‍यूस करायची असेल, जिचं श्रेय कारेम यांना दिलं जातं, तर साच्याच्या कडेने लेडीफिंगर बिस्किटं गोलसर बाजू बाहेर ठेवून दाटीने उभी करा आणि मधे हेच मिश्रण ओता. त्यात साचा गरम पाण्यात बुडवायचा नाही, बिस्किटं ओली होतात. तळाला कागद घालून नुसता उलटायचा. पहिल्यांदा करत असाल तर मी आधी हाच प्रकार सुचवेन. बाहेरून बिस्किटांचा आधार असतो, त्यामुळे मिश्रण थोडं सैल राहिलं तरी निभावतं.

वाढताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मग कापा. टेबलावर अर्ध्या तासाहून जास्त ठेवू नका, एप्रिल-मे असेल तर त्याच्या निम्माच वेळ. उरलेले तुकडे झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.